वहिनी, ती जर्सी आधी आत घ्या

वहिनी! अहो वहिनी! जरा इकडे या कुंपणाशी. घाबरायचं काही नाही हो. गॅसवर काही ठेवलंय का, तेवढं सांगा. कुकर? शिट्ट्या किती झाल्या? अजून एकही नाही? मग आहे वेळ.

ही दोरीवरची पांढरी जर्सी, लाल-निळ्या पट्ट्यांची, चिरंजीवांची का? ल्योंला उतरलात तेव्हा विमानतळावर हट्ट करून घेतली? तरीच. आधी आत घ्या बघू ती. ओली असली तरी घ्या. रेडिएटरवर टाका, नाहीतर न्हाणीघरात टांगा, पण रस्त्याच्या बाजूला नको.

हसताय काय? आपले त्या अंगाचे शेजारी, ते कुत्रावाले आजोबा, सकाळी फिरायला निघाले होते. तुमच्या फाटकाशी थांबले. दोरीकडे बघितलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. कुत्रा पुढे ओढतोय, हे जागचे हलत नाहीत. मग मला म्हणाले, "मादाम, ही मंडळी तुमच्याकडचीच ना? चांगली वाटली होती हो." वाटली 'होती'! मी म्हटलं, मुस्यू, नवीन आहेत, तीन आठवडे झालेत येऊन, त्यांना काय माहीत. मी सांगते त्यांना.

म्हणून सांगतेय. या गावात मराठी घरं बोटावर मोजण्याइतकी, त्यातली दोन एकाच कुंपणाला लागून. एवढा तरी हक्क आहे ना माझा? आणि मी कोल्हापूरची. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच शाहू स्टेडियमवर असली, की आमच्या पेठेत बायका भाकऱ्या लवकर थापून मोकळ्या व्हायच्या. त्यामुळे इथे आल्यावर मला फारसं काही समजावून सांगावं लागलं नाही. तालीम वेगळी, रंग वेगळा, बाकी सगळं तेच.

तर रंग हिरवा. ल्योंचा लाल-निळा या गावात चालत नाही. अंतर म्हणाल तर साठेक किलोमीटर, गाडीने तासाभराचं. पण ल्यों म्हणजे रेशमाचं, पेढीवाल्यांचं, गालिच्यावर पाय ठेवणाऱ्यांचं गाव. आणि आपलं सेंत-एतिएन म्हणजे कोळसा, बंदुका, सायकली आणि रिबिनी विणणारे माग. ते धनी, आपण गडी, असं इथल्या जुन्या माणसांच्या मनात घट्ट बसलंय. फुटबॉल ही एकच जागा, जिथे गड्याने धन्याला वर्षानुवर्षं धुतलं. इथल्या क्लबचे एक जुने अध्यक्ष म्हणायचे म्हणतात, की फुटबॉलमध्ये ल्यों म्हणजे सेंत-एतिएनचं उपनगर. आता त्याला बरीच वर्षं झाली. पुढे २००२ ते २००८ ल्योंने सलग सात वेळा फ्रान्सची लीग जिंकली, तेव्हा इथल्या लोकांनी कसे दिवस काढले असतील ते त्यांनाच ठाऊक. मी तेव्हा नव्हते, सुटले.

ते दोन काळपट डोंगर दिसतात ना पश्चिमेला? ते डोंगर नाहीत. खाणीतून उपसलेल्या दगडमातीचे ढीग आहेत. कुरिओची खाण ती. १९७३ मध्ये बंद पडली, आता तिथे म्युझियम आहे. चिरंजीवांना घेऊन जा एकदा. पण त्याआधी जर्सी.

बरं, या घराण्याचं मूळ सांगते तुम्हाला. घराणंच म्हणायचं, क्लब कसला. मूळ निघालं किराणा दुकानातून! खोटं नाही सांगत. तुम्ही कोपऱ्यावरच्या ज्या काझिनोतून दूध आणता ना, तेच काझिनो. जोफ्र्वा गिशार नावाचा इथला वाणी. जुन्या काझिनोच्या जागेत किराणा दुकान होतं, म्हणून दुकानाचं नावही काझिनोच पडलं. १८९८ मध्ये त्याने कंपनी काढली, आणि बघता बघता शाखांवर शाखा. १९०१ पासून तर स्वतःच्या नावाचे डबे-पुडेही विकायला लागला. हुशार माणूस. आणि १९१९ मध्ये दुकानातल्या नोकरांसाठी खेळाचा क्लब काढला. आमच्याकडे गिरण्यांच्या टीम असायच्या, तसंच. रंग कुठला? दुकानाचा तोच क्लबचा. हिरवा. म्हणजे आज हे लोक ज्या रंगासाठी जीव टाकतात, तो मुळात वाण्याच्या पाटीचा रंग.

पुढे ऐका ना. फेडरेशनने नियम काढला, की क्लबला दुकानाचं नाव लावायचं नाही. मग काय करावं? आद्याक्षरं तीच ठेवली, ए-एस-सी, आणि 'सी'चा अर्थ बदलून टाकला. 'काझिनो'चा झाला 'क्लब'! वाण्याचा हिशेब आहे वहिनी, वजन मारलं तरी तागडी सरळ दिसली पाहिजे.

मग १९२७ मध्ये दुसऱ्या एका क्लबाशी सोयरीक झाली, आणि जोफ्र्वाचा मुलगा प्येर अध्यक्ष झाला. १९३१ मध्ये स्टेडियम उभं राहिलं. त्यासाठीची जमीन वाण्यानेच घेऊन दिली होती, आणि स्टेडियमला नाव त्याचंच, जोफ्र्वा-गिशार. आजही तेच आहे. पण नाव घेत कोण बसतंय, सगळे 'शोद्रों' म्हणतात. शोद्रों म्हणजे चुलीवरचा हंडा. सामन्याच्या दिवशी खदखदतो म्हणून. तुम्हाला अजून अनुभव नाही. आपल्या घरापर्यंत आवाज येतो त्याचा. टीव्हीचं चित्र जरा मागे असतं ना, त्यामुळे टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मधोमध लोळत असतो आणि इकडे खिडकीतून गोल आधीच ऐकू येतो! आमचे हे त्यामुळे खिडकी लावून मॅच बघतात. मी मुद्दाम स्वयंपाकघरातली उघडी ठेवते. निकाल आधी कळलेला बरा, भाजी करपत नाही.

१९३३ मध्ये पगारी फुटबॉलमध्ये उतरले आणि पहिल्यांदा लीग जिंकायला १९५७ उजाडलं. तिथपर्यंतचं काही फार सांगण्यासारखं नाही. पण १९५७ नंतर लगेचच घरातला एक मुलगा पळून गेला.

नाही हो, मुलीसाठी नाही. देशासाठी. रशीद मखलुफी त्याचं नाव. अल्जीरियातल्या सेतीफचा. तेव्हा अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात. पोरगा १९५४ मध्ये इथे आला तेव्हा अठरा वर्षांचा, आणि तीन वर्षांत संघाला विजेतेपद मिळवून दिलं. फ्रान्सच्या वर्ल्ड कपच्या संघात नाव लागायची चिन्हं. आणि एप्रिल १९५८ मध्ये, वर्ल्ड कपला दोन महिने राहिले असताना, एका सकाळी गायब. फ्रान्समधल्या वेगवेगळ्या क्लबांतले अल्जीरियन खेळाडू ठरवून, गुपचूप, सीमा ओलांडून गेले ट्युनिसला. तिथे एफएलएनने, म्हणजे स्वातंत्र्याची लढाई लढणाऱ्या त्यांच्या संघटनेने, फुटबॉलचा संघ उभा केला होता. देश अजून झालेला नाही आणि राष्ट्रीय संघ तयार! मखलुफी तर तेव्हा फ्रान्सच्या लष्करी सेवेत होता. म्हणजे नुसता क्लब सोडला नाही, फौजेतून फरारी झाला.

आता मला सांगा, असा मुलगा चार वर्षांनी परत दारात उभा राहिला तर कुठलं घर दार उघडेल? हे उघडून बसले. १९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला, मखलुफी आधी स्वित्झर्लंडमध्ये खेळला आणि तिथून परत इथे. त्या वर्षी घराची अवस्थाही काही धड नव्हती. फ्रेंच कप जिंकला आणि त्याच वर्षी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले, ही यांची जुनी खोड, एका हाताने मिठाई वाटायची आणि दुसऱ्याने घर गहाण टाकायचं. मखलुफीने त्यांना वर काढलं, १९६४ मध्ये परत लीग जिंकून दिली. आणि १९६८ च्या फ्रेंच कपच्या फायनलमध्ये बोर्दोविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच. तारीख लक्षात ठेवा, १२ मे. पॅरिसमध्ये तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर, दोन रात्रींपूर्वीच दगडफेक झालेली, आणि राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्या हातून कप घेणारा संघ कुणाचा, तर दहा वर्षांपूर्वीच्या त्या फरारी पोराचा. आजोबांच्या घरात मखलुफीचा फोटो आहे, घड्याळाखाली. २०२४ च्या नोव्हेंबरात तो वारला, तेव्हा आजोबांनी दोन दिवस कुत्र्याला मीच फिरवावं म्हणून सांगितलं. मी विचारलं नाही, का ते.

झाली का शिट्टी? पहिली? होऊ द्या.

मग आला सालिफ केटा. मालीचा, आफ्रिकेतला. त्याची गोष्ट तर इथे लग्नातसुद्धा सांगतात. १९६७. पॅरिसच्या एका विमानतळावर क्लबचा माणूस वाट बघत उभा, आणि हा उतरला दुसऱ्याच विमानतळावर. खिशात पैसा नाही. गड्याने काय करावं? सरळ टॅक्सीत बसला आणि म्हणाला, सेंत-एतिएन. पाचशे किलोमीटर! टॅक्सीवाल्याने आणलं आणून, आणि हजारावर फ्रँकांचं बिल क्लबच्या हातात दिलं. ते बिल बघून इथले किती घाबरले असतील! पण पुढे बघा, १९७०–७१ च्या एका मोसमात पठ्ठ्याने लीगमध्ये ४२ गोल केले. टॅक्सीचे पैसे वसूल. १९७० मध्ये आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पहिल्यांदाच बक्षीस दिलं गेलं, तेही यालाच. पण अध्यक्षांशी बिनसलं आणि १९७२ मध्ये गेला मार्सेला. मार्सेकडून आपल्याविरुद्ध पहिल्याच सामन्यात गोल मारले आणि अध्यक्षांच्या दिशेने हाताचा कोपर दुमडून जे काही दाखवलं, ते मी इथे कुंपणावर करून दाखवणार नाही. बघतंय कुणीतरी.

अध्यक्ष कोण विचारता? रोजे रोशे. तो खरा या कथेतला सासरा. बांधकामाचा कंत्राटदार, तोंडात कायम पाइप. १९६१ पासून एकवीस वर्षं त्याने हा संसार हाकला. आणि संघाचा कोच रोबेर एर्बँ. लालबुंद कुरळ्या केसांचा, आधी इथलाच खेळाडू, १९७२ मध्ये कोच झाला. बोलायचा इतका कमी की लोक त्याला 'स्फिंक्स' म्हणायचे. घरी जाऊन शास्त्रीय संगीत ऐकत बसायचा. असा माणूस आणि ड्रेसिंगरूममध्ये विशीतली पोरं! त्यातली बरीचशी इथेच शिकून तयार झालेली. बाहेरचे मोजकेच, गोलात युगोस्लाव्हियाचा चुर्कोविच, मागे अर्जेंटिनाचा पियाझा. पियाझा चेंडू घेऊन धावत सुटला की त्याला थांबवायला दाराला कडी लावावी लागे, असं आजोबा म्हणतात. आणि उजव्या अंगाला दोमिनिक रोश्तो. लांब केस, मुलींच्या वह्यांच्या पुठ्ठ्यावर त्याचाच फोटो. 'हिरवा देवदूत' म्हणायचे त्याला. आपल्या बेकरीतल्या बाईंना विचारा कधी, नुसतं 'रोश्तो' म्हणा आणि चेहरा बघा. सुट्टे पैसे जास्त परत देतील.

१९७४, ७५, ७६, सलग तीन वेळा लीग. पण ते सगळं एका बाजूला. या लोकांना ते आठवतही नाही. यांना आठवतो १९७६ चा युरोपियन कप.

मार्च महिना. सोव्हिएत संघातला डायनॅमो किएव्ह, त्यांच्यात ब्लोखिन, आदल्या वर्षीचा युरोपातला सर्वोत्तम खेळाडू. पहिला सामना तिकडे, हे २–० हरून आले. परतीचा सामना इथे, हंड्यात. दुसऱ्या हाफमध्ये ब्लोखिन एकटा पुढे निसटला, समोर जवळपास कुणी नाही, तो गोल झाला असता तर चूल विझलीच होती. त्याने चेंडू गमावला. तोच चेंडू पियाझाने उचलून पळवला आणि काही क्षणांत दुसऱ्या टोकाला रेव्हेलीचा गोल! मग कर्णधार लार्केने फ्री-किकवर दुसरा. जादा वेळ सुरू झाला. रोश्तोच्या पायात गोळे आलेले, चालवत नाही, आणि त्याच पायांनी तिसरा गोल. आजोबा तेव्हा मान्युफ्रान्समध्ये सायकली जोडायचे. संघाच्या सदऱ्यांवरही तेव्हा मान्युफ्रान्सचंच नाव असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात एकही माणूस बोलू शकत नव्हता म्हणे, सगळ्यांचे घसे बसलेले. सायकली मुक्याने जोडल्या.

आणि मग फायनल. ग्लासगोचं हॅम्पडन पार्क, समोर बायर्न म्युनिक. बेकेनबावर, म्युलर, सगळी बडी मंडळी, आधीची दोन वर्षं कप त्यांच्याकडेच. तारीख? १२ मे १९७६. म्हटलं होतं ना लक्षात ठेवा.

आता नीट ऐका, कारण या गावात राहायचं तर एवढं पाठ हवं. पहिल्या हाफमध्ये बातनेने लांबून असा काही फटका मारला की गोलरक्षक बघतच राहिला. चेंडू आडव्या दांडीला लागून बाहेर. पाच मिनिटांनी सांतिनीचं हेडर, तेही आडव्या दांडीलाच. आणि हॅम्पडनच्या गोलची चौकट होती चौकोनी लाकडाची. बाकी ठिकाणी तोवर गोल खांब आले होते, ग्लासगोवाल्यांनी मात्र चौकोनीच ठेवलेले. गोल दांडीला लागला असता तर चेंडू घसरून आत गेला असता, धारेला लागला म्हणून बाहेर आला! हे या गावाचं शास्त्र. दुसऱ्या हाफमध्ये बायर्नच्या रोटने फ्री-किकवर एक गोल केला आणि संपलं. १–०. रोश्तो दुखापतीमुळे बाकावर होता, त्याला शेवटची आठ मिनिटं उतरवला. आठ मिनिटांत देवदूत तरी काय करणार?

गंमत बघा, दोन्ही वेळा चेंडू लागला आडव्या दांडीला, पण गाव शिव्या घालतं खांबांना. 'चौकोनी खांब', 'चौकोनी खांब'. फ्रेंचमध्ये म्हणच झाली ती, थोडक्यात हुकलं की म्हणायची. मी एकदा चुकून आजोबांना म्हटलं, पण मुस्यू, खांब नाही ना, दांडी. त्यांनी कुत्र्याच्या तोंडातला टेनिसचा चेंडू काढला, मला अंगणात उभी केली आणि आपल्या जुन्या कुंपणाच्या चौकोनी खांबावर मारून दाखवला. धप्प, सरळ परत. मग कुदळीचा गोल दांडा उभा धरायला लावला मला, त्यावर मारला. चेंडू घसरून गेला माझ्या गुलाबात. "बघितलंत?" म्हणाले. मी काय बोलणार? माझ्या मते सांतिनीचं हेडर कशालाही लागलं असतं तरी उडालंच असतं, पण ते मी तुम्हाला सांगतेय, त्यांना नाही. मागल्या वर्षी आमच्या मधलं कुंपण नवं केलं, तेव्हा दुकानदार चौकोनी खांब स्वस्तात देत होता. आजोबांनी ऐकलं नाही. वरचे पैसे स्वतः भरले आणि गोल खांब बसवून घेतले. तुमच्या बाजूचे हे चौकोनी आहेत बघा. ते तुमच्या घरमालकाचे. तो ल्योंचा आहे.

हरून आले, आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरून मिरवणूक! राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांच्याकडे पाहुणचार. हरलेल्या संघाची वरात निघालेली तुम्ही कधी ऐकली होती? एका दुपारी सगळा फ्रान्स हिरवा झाला. तेव्हापासून देशात कुठेही जा, साठीपुढचा माणूस म्हणतो, मी लहानपणी हिरव्यांचा होतो. पुढच्या वर्षी लिव्हरपूलला जाऊन हरले, पाच-सहा मिनिटं उरलेली असताना बदली खेळाडू फेअरक्लफने गोल केला. पण ते दुःख वेगळं. त्याला लाकडावर ढकलता येत नाही.

दुसरी शिट्टी. आता जरा आवाज कमी करते, कारण आता तिजोरीची गोष्ट आहे.

१९७९ मध्ये प्लातिनीला आणलं. हो, तोच. मोठी नावं आली, मोठे पगार आले. १९८१ मध्ये दहाव्यांदा लीग जिंकली. आणि १९८२ मध्ये बाहेर आलं, की रोशेसाहेबांनी वर्षानुवर्षं दोन वह्या ठेवल्या होत्या. एक दाखवायची, एक खरी. हिशेबाबाहेरचे सुमारे दोन कोटी फ्रँक! तिकिटांचे, इकडचे-तिकडचे पैसे बाजूला काढून खेळाडूंना कर न भरता द्यायचे. यांचा शब्द आहे 'काळी पेटी'. वाण्याने सुरू केलेल्या क्लबात दुसरी वही निघावी, यात नवल नाही म्हणा. रोशे गेले, पाठोपाठ एर्बँ गेला, प्लातिनीही इटलीला गेला. काही खेळाडूंनाही कोर्टाची पायरी चढावी लागली. रोशेंना शिक्षा झाली, पुढे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनी माफी दिली. १९८४ मध्ये संघ खाली घसरला. पण आजोबांसमोर रोशेंना चोर म्हणून बघा! "चोरले असतील, पण आमच्यासाठी चोरले," म्हणतात. मी गप्प बसते. आपल्याकडेही साखर कारखान्यांच्या गावात हेच ऐकलंय मी.

तेव्हापासूनचं सगळं म्हणजे वर-खाली, वर-खाली. मध्ये एकदा, २००० च्या सुमारास, परदेशी खेळाडूंचे पासपोर्टच खोटे निघाले. ब्राझीलचा माणूस पोर्तुगालचा झालेला, युक्रेनचा ग्रीसचा! सात गुण कापले, परत खाली. आपण व्हिसाच्या रांगेत पहाटेपासून उभं राहायचं आणि या लोकांचं बघा.

मी आल्यावर एकच चांगली गोष्ट घडली. २०१३ चा लीग कप, रेनविरुद्ध १–०. बत्तीस वर्षांनी काहीतरी हाताला लागलं. त्या रात्री ट्राम मुंगीच्या पावलाने चालली होती, रुळांवर माणसं. अनोळखी बाईने माझ्या गळ्यात हिरवा मफलर घातला आणि रापे खायला घातलं. रापे खाल्लंत का अजून? किसलेल्या बटाट्याचं, इथलंच. आपल्या थालीपिठाची सख्खी चुलत बहीण समजा, फक्त तिखट विसरलेली.

आणि मग २०२२. दहा विजेतेपदांचा विक्रम या क्लबने एक्केचाळीस वर्षं एकट्याने सांभाळला होता. त्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या पीएसजीने बरोबरी केली. आणि मे महिन्यात हे ओसेरविरुद्ध पेनल्टीवर हरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेले. पाठोपाठ दागिने गेले आणि घरही. त्या रात्री खिडकी उघडी होती माझी. शेवटी गोलचा आवाज आला नाही, फटाक्यांसारखे धडाके आले, लोक जळत्या मशालींसकट मैदानात घुसलेले. मग पोलिसांच्या गाड्या. आमच्या ह्यांनी स्वतः उठून खिडकी लावली.

२०२४ मध्ये परत वर आले, क्लब कॅनडाच्या लॅरी टॅननबॉमच्या कंपनीने विकत घेतला, आणि वर्षभरात पुन्हा खाली. तिकडे खुद्द काझिनोही कर्जात बुडून २०२४ मध्येच दुसऱ्याच्या हातात गेलं. वाण्याचं दुकानही घरचं उरलं नाही, आणि टीमही. रंग तेवढा तोच आहे.

एक राहिलंच. ते चौकोनी खांब. हॅम्पडनवाल्यांनी १९८७ मध्ये ते काढून टाकले. आणि आपल्या क्लबने २०१३ मध्ये स्टेडियममध्ये म्युझियम उघडलं, तेव्हा ते स्कॉटलंडहून विकत आणून बसवले! वहिनी, ज्या लाकडाने घात केला ते पैसे मोजून घरात आणलं. आजोबांसोबत गेले होते मी एकदा. कप वगैरे मांडलेत, त्यांच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ त्या पांढऱ्या चौकटीसमोर जाऊन उभे. बराच वेळ. मग आपली चार बोटं जुळवून हवेतच दांडीची जाडी मोजल्यासारखं केलं, आणि मला म्हणाले, "इतकंच." परत येताना ट्राममध्ये कुत्र्याच्या आजारपणाबद्दल बोलत राहिले.

तिसरी शिट्टी झाली, जा, जा. मी आहे इथेच.

...झालं बंद? आणि हे काय, आत नेली नाहीत? उलटी करून घातलीत! शिलाई बाहेर, पट्टे आत. चालेल, चालेल, लांबून नुसती पांढरी दिसते. पण पाठीवरची अक्षरं उमटतायत हो उन्हात. थांबा, तो मोठा टॉवेल टाका त्यावर. लवकर. ते बघा, कोपऱ्यावर कुत्रा दिसला.